पाच मिलियन डॉलर शिल्लक असताना बंद केलेला गेम: स्लॅकच्या जन्माचं प्रकरण

फुलपाखराचं दूध काढायचं असेल तर आधी त्याला लोशन लावून मालिश करावी लागायची. डुकराला आधी थोपटायचं, मग ते तुम्हाला स्वतःच्या अंगाचा एक लचका खुशीनं तोडू द्यायचं, आणि मरत वगैरे काही नाही, निवांत पुढे चालायला लागायचं. कोंबडी दाबली की धान्य. झाडांना नुसतं पाणी घालून भागायचं नाही, त्यांनाही थोपटायला लागायचं. मारामारी नाही, बंदुका नाहीत, लेव्हलच्या शेवटी कुणी व्हिलन उभा नाही. अकरा महाकाय देव विचार करत बसलेत आणि त्यांच्या डोक्यात जे जग तयार झालंय त्यात तुम्ही फिरताय, अशी एकंदर कल्पना.

या गेमचं नाव ग्लिच. बनवणारी कंपनी टायनी स्पेक. गेम बुडाला, आणि त्याच कंपनीत त्याच लोकांनी आपल्या अंतर्गत बोलण्यासाठी जे चॅटचं जुगाड करून ठेवलं होतं त्याचं पुढे स्लॅक, म्हणजे ऑफिसातल्या लोकांनी आपसात बोलायचं ॲप, झालं, जे २०२१ मध्ये सेल्सफोर्सनं २७.७ अब्ज डॉलरच्या सौद्यात घेतलं. आयटीत असाल तर स्लॅक तुम्ही रोज उघडता किंवा निदान त्याला शिव्या तरी घालता. पुण्यातसुद्धा त्यांनी ऑफिस काढलं.

आता ही गोष्ट तुम्ही ऐकलेली असणार, स्टार्टअपच्या कुठल्याही कार्यक्रमात 'पिव्होट', म्हणजे धंद्याची दिशाच बदलणं, हा शब्द निघाला की पाचव्या मिनिटाला कुणीतरी स्लॅक काढतोच. आणि सांगतात कशी, तर गेम फेल गेला, मग त्यांच्या लक्षात आलं की अरे आपल्या हातात तर हिरा आहे, आणि झाले अब्जाधीश. माझी तक्रार या सांगण्याच्या पद्धतीवर आहे. हिरा वगैरे कुणालाच दिसला नव्हता. त्यात जे खरं शिकण्यासारखं आहे ते चॅटच्या आयडियात नाहीच, ते नोव्हेंबर २०१२ मधल्या एका आठवड्यात आहे. तिथपर्यंत यायला थोडं मागून सुरू करावं लागेल.

स्ट्युअर्ट बटरफील्ड. जन्म १९७३, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियामधलं लुंड नावाचं एवढंसं गाव, आईवडील हिप्पी, लाकडी ओंडक्यांचं घर, आणि मुलाचं नाव ठेवलं धर्मा! हो, आपलाच धर्म. बारा वर्षांचा झाल्यावर पोरानं नाव बदलून स्ट्युअर्ट करून घेतलं. शिकला तत्त्वज्ञान, आधी व्हिक्टोरियाला आणि मग केंब्रिजला. म्हणजे कागदावर बघितलं तर सॉफ्टवेअर कंपनी काढणाऱ्याचा हा बायोडेटा नाहीच.

२००२ मध्ये व्हँकुव्हरला त्यानं कॅटरिना फेक आणि जेसन क्लासन यांच्यासोबत लुडिकॉर्प नावाची कंपनी काढली आणि एक ऑनलाइन गेम करायला घेतला, नाव 'गेम नेव्हरएंडिंग'. डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा, फुगा फुटून थोडेच दिवस झालेले, त्यात गेम म्हटल्यावर कोण पैसे देणार. अशी वेळ आली की टीममध्ये ज्याला मुलंबाळं होती त्या एकालाच पगार मिळत होता. अशात बटरफील्ड एका कामासाठी न्यूयॉर्कला निघाला, वाटेत अन्नातून विषबाधा झाली, रात्रभर उलट्या, आणि त्या अवस्थेत त्याच्या डोक्यात आलं की आपल्या गेममध्ये वस्तूंची देवाणघेवाण करायची जी सोय केलीय तिथे वस्तूंऐवजी फोटो टाकले तर? त्याचं झालं फ्लिकर, फोटो टाकायची आणि दाखवायची वेबसाइट. फेब्रुवारी २००४ मध्ये सुरू, मार्च २००५ मध्ये याहूनं विकत घेतलं.

म्हणजे स्लॅक ही त्याची दुसरी वेळ. एकच माणूस, दोनदा गेम काढायला गेला, दोनदा गेम बुडाला आणि दोनदा गेमच्या अंगणात पडलेल्या सामानातून भलतंच काहीतरी उभं राहिलं. याला योगायोग म्हणा, नशीब म्हणा. मला वाटतं गेम करणाऱ्या टीमला स्वतःची अवजारं स्वतःच घडवायची सवय असते आणि अवजारं मागे उरतात, पण ते नंतर बघू.

२००८ मध्ये त्यानं याहू सोडलं. राजीनाम्याचं पत्र असं लिहिलं होतं की जणू तो कंपनीतला जुना कथिल-कारागीर आहे आणि आता अल्पाका पाळायला घरी चाललाय. (ते पत्र वाचलं की ग्लिचमधली फुलपाखरं कुठून आली ते कळतं.) आणि २००९ मध्ये फ्लिकरमधलेच तीन जण सोबत घेऊन टायनी स्पेक काढली, कॅल हेंडरसन, एरिक कॉस्टेलो, सर्गेई मुराशॉव्ह. यावेळी मात्र परिस्थिती एकदम वेगळी. फ्लिकरमुळे नाव झालेलं, ओळखी होत्या, गुंतवणूकदार स्वतःहून तयार होते. टप्प्याटप्प्यानं १७ मिलियन डॉलरच्या वर पैसे उभे राहिले, अक्सेल आणि अँड्रीसन हॉरोविट्झसारखी मोठी नावं त्यात होती. २०१२ अखेरचा डॉलर, चौपन्न-पंचावन्न रुपये, धरला तर नव्वद कोटींच्या वर. एका फुलपाखरं पिळायच्या गेमसाठी!

गेम सगळ्यांसाठी खुला झाला २७ सप्टेंबर २०११ ला. आणि दोन महिन्यांत, ३० नोव्हेंबरला, त्यांनी तो परत बीटामध्ये, म्हणजे चाचणीच्या अवस्थेत, नेला. म्हणजे लग्न लागल्यावर परत साखरपुड्यावर येण्यासारखं. उघडपणे सांगितलं की सुरुवातीचा खेळ नीट जमलेला नाही, नवीन माणूस येतो आणि त्याला काय करायचंय तेच समजत नाही. इथेच मला हा माणूस आवडायला लागला, कारण लाँच मागे घेणं हे कुणी सहसा करत नाही, लोक काय म्हणतील म्हणून तसंच रेटत राहतात.

अडचण काय होती? ज्यांना ग्लिच आवडायचा त्यांना वेड लागायचं, दिवसदिवस पडीक असायचे आणि पैसेही द्यायचे. पण बाकीचे, म्हणजे बहुतेक सगळेच, पाच-सात मिनिटं इकडेतिकडे बघून कायमचे निघून जायचे. बादलीला भोक असेल तर नळ कितीही मोठा सोडा. दुसरी अडचण जास्त मोठी आणि त्यांच्या हातात नसलेली. गेम बनवला होता फ्लॅश नावाच्या अडोबी कंपनीच्या तंत्रात, डेस्कटॉपच्या ब्राउझरमध्ये चालणारा, आणि नेमकं त्याच काळात सगळं जग मोबाइलवर निघालं होतं. आयफोनवर फ्लॅश चालतच नव्हता, आणि नोव्हेंबर २०११ मध्ये अडोबीनं अँड्रॉइडवरचा फ्लॅशही गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. ज्या पाटावर बसून जेवण मांडलं तो पाटच कुणीतरी ओढून घेतला म्हणा ना.

आणि तरीही २०१२ च्या शरद ऋतूत बाहेरून बघणाऱ्याला गेम मरतोय असं वाटलं नसतं. जाहिराती चालू होत्या, नवीन साइनअप वाढत होते, टीम चाळीस-पंचेचाळीस जणांची, कलाकार भन्नाट, 'कातामारी दामासी' हा गेम बनवणारा केइता ताकाहाशी जपानहून येऊन यांच्यात सामील झालेला. बँकेत अजून सुमारे ५ मिलियन डॉलर. म्हणजे आणखी बरेच महिने सहज निघाले असते. गुंतवणूकदारांपैकी कुणी 'बंद करा' म्हणून मागे लागलं नव्हतं. उलट गाडी चाललीय तर चालू द्या असाच सूर होता.

बटरफील्डनं आकडे मांडले. एक माणूस जाहिरातीतून आणायला किती खर्च, त्यातले किती टिकतात, टिकलेल्यातले किती पैसे देतात, आणि ही वाढ अशीच राहिली तर नफ्यात यायला किती आठवडे. उत्तर येईना. म्हणजे येत होतं, पण ते 'कधीच नाही' असं येत होतं. ज्या साइनअपवर टीम खूश होती ते मुळात विकत आणलेले होते आणि टिकत नव्हते. नोव्हेंबरच्या एका रात्री त्याच्या मनानं घेतलं की हे संपलं. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांना आणि बोर्डाला कळवलं. सोबतचे लोक चकित झाले, कारण त्यांच्या दृष्टीनं चाललं होतं की चांगलं.

१४ नोव्हेंबर २०१२ ला सगळ्यांना सांगितलं. त्या मीटिंगचं वर्णन त्यानं पुढे मुलाखतींमध्ये केलंय. पहिलं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्याला रडू कोसळलं. समोर एक जण बसला होता, याच्याच आग्रहावरून थोड्याच दिवसांपूर्वी दुसऱ्या शहरातून बिऱ्हाड हलवून आलेला, तिकडे दोन वर्षांच्या मुलीला सांभाळायला सासूसासऱ्यांची मदत होती ती सोडून. त्याच्याकडे नजर गेली आणि संपलं. बत्तीस-पस्तीस लोकांच्या नोकऱ्या त्या दिवशी गेल्या. स्लॅकची गोष्ट सांगताना हे लोक नेहमी एका ओळीत उरकले जातात, 'मग टीम लहान केली' म्हणून. मी पण दुसरं काय करणार, पण निदान ती ओळ जरा जाड अक्षरात वाचा.

बंद करणं कसं केलं ते मात्र सविस्तर सांगण्यासारखं आहे. गेम लगेच काढून टाकला नाही, ९ डिसेंबरपर्यंत चालू ठेवला, म्हणजे खेळणाऱ्यांना निरोप घ्यायला साडेतीन आठवडे. ज्यांनी पैसे भरले होते त्यांना रिफंड देऊ केला, नको असेल तर दान करा, तेही नको असेल तर कंपनीकडे राहू द्या. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांच्यासाठी एक पान बनवलं, प्रत्येकाचं काम, फोटो, कोण काय करू शकतं, आणि आपल्या ओळखीत सगळीकडे फिरवलं की यांना घ्या, चांगली माणसं आहेत. शेवटच्या रात्री खेळणारे गेममध्ये जमले आणि सर्व्हर बंद होईपर्यंत तिथेच उभे राहिले. वर्षभरानं, नोव्हेंबर २०१३ मध्ये, गेमसाठी काढलेली चित्रं-ॲनिमेशन मिळून दहा हजारांवर गोष्टी त्यांनी सार्वजनिक करून टाकल्या, कुणीही घ्या, काहीही करा, हक्क नाही. त्यावर पुढे चाहत्यांनी गेम परत उभा करायचे प्रयत्न केले.

हे सगळं करायला पैसे लागतात. पैसे लागतात आणि डोकं शांत लागतं, आणि दोन्ही गोष्टी खिशात काहीतरी उरलेलं असतानाच असतात.

इथे जरा विषय सोडून. २०१६ मध्ये मी आणि माझा मावसभाऊ मिळून एक डब्याचं ॲप चालवत होतो, म्हणजे चालवण्याचा प्रयत्न. कोथरूड-कर्वेनगर भागातल्या मेसवाल्या काकू आणि हॉस्टेलची पोरं यांना जोडायचं, पोरांनी ॲपवर डबा बुक करायचा, आम्ही मध्ये कमिशन घ्यायचं. चौदा महिने चाललं. शेवटचे सहा महिने नक्की माहीत होतं की जमत नाहीये, पोरं पहिल्या आठवड्यात ॲपवरून मागवायची आणि दुसऱ्या आठवड्यात काकूंचा नंबर घेऊन थेट फोन करायची, साधी गोष्ट आहे, आम्हीही तेच केलं असतं. पण 'अजून एक महिना बघू' करत करत मावशीकडून घेतलेले पैसे संपले, मग क्रेडिट कार्ड, मग डिलिव्हरीवाल्या दोघांचा अर्धा पगार राहिला तो पुढे दोन वर्षांत फेडला. बंद झाल्यावर महिन्याभरानं एका काकूंचा फोन आला. मला वाटलं हिशोबाचं काही राहिलं असेल. तर म्हणाल्या, "अरे तो रात्री दहाला आकडा यायचा ना मोबाइलवर, उद्या किती डबे ते, तो आता येत नाही का रे? त्यावर मी कणीक भिजवायचे." बस एवढंच. आमचं ॲप त्यांना नको होतं, तो रात्रीचा एक मेसेज हवा होता, आणि त्यासाठी महिना दोनशे रुपये द्यायला त्या तयार होत्या. मी हो हो बघतो म्हणालो आणि काहीही केलं नाही. लॅपटॉप उघडायची इच्छा राहिली नव्हती आणि मावसभाऊ माझ्याशी बोलत नव्हता. त्या एका मेसेजमधून काही झालं असतं की नसतं देवालाच ठाऊक, पण बघायला आमच्याकडे काही शिल्लकच नव्हतं.

असो. तर टायनी स्पेककडे ५ मिलियन शिल्लक होते. बटरफील्डनं गुंतवणूकदारांना सांगितलं की हवे असतील तर उरलेले पैसे परत देतो. ते म्हणाले, राहू दे, तुमची टीम चांगली आहे, दुसरं काहीतरी करा. ही पण गंमत बघा, हे वाक्य कुणी कुणाला उगाच म्हणत नाही. पैसे संपवून, वर आणखी मागायला आलेल्या माणसाला असं कुणी म्हणालं नसतं.

आता त्या जुगाडाकडे येऊ, कारण मला त्यातच जास्त रस आहे.

टायनी स्पेक एका जागी नव्हती. बटरफील्ड आणि मुराशॉव्ह व्हँकुव्हरला, हेंडरसन सॅन फ्रान्सिस्कोला, कॉस्टेलो न्यूयॉर्कला. २००९ मध्ये रोज व्हिडिओ कॉल वगैरे प्रकार नव्हता. बोलायला त्यांनी आयआरसी घेतलं, म्हणजे १९८८ मध्ये फिनलंडमधल्या यार्को ओइकारिनेननं बनवलेली चॅटची पद्धत, त्यांच्याकडे यायच्या आधीच वीस वर्षं जुनी. त्यात चॅनल असतात, चॅनलच्या नावाआधी तो हॅशचा (#) शिक्का, आज स्लॅकमध्ये दिसतो तोच. आयआरसीचा स्वभाव म्हणजे अगदी आपल्या सोसायटीच्या कट्ट्यासारखा, तुम्ही बसलेले असाल तर सगळं ऐकू येणार, उठून घरी गेलात की मागे काय बोलणं झालं ते गेलं. कुणी तुमच्यासाठी थांबवून ठेवत नाही.

तीन शहरांतल्या माणसांना हे कसं परवडणार? सकाळी न्यूयॉर्कवाला कामाला बसतो तेव्हा व्हँकुव्हरवाले झोपेत. म्हणून त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे बोललेलं सगळं एका जागी साठवायचं, नंतर येणाऱ्याला वाचता यावं म्हणून. साठवलं तर मग ढीग झाला, ढिगात सापडेना, म्हणून सर्च जोडला. मग लक्षात आलं की कुणी सर्व्हरवर नवीन फाइल टाकली की चॅटमध्ये येऊन सांगावं लागतं 'टाकली रे', तर ते आपोआप चॅनलमध्ये पडेल असं केलं. मग गेममध्ये नवीन कुणी आलं, काही बिघडलं, तर त्याच्याही सूचना तिथेच. हळूहळू असं झालं की ईमेल कंपनीत जवळपास बंद पडला आणि कुणाला त्याची आठवणही येईना.

यातली मेख अशी की यावर त्यांनी कधीच 'प्रोजेक्ट' म्हणून काम केलं नाही. पद्धत काय, तर एखादी गोष्ट इतकी छळायला लागली की सहन होत नाही, तर ती कमीत कमी वेळात दुरुस्त करायची आणि परत गेमकडे पळायचं, कारण खरं काम गेमचं होतं. साडेतीन वर्षं हे चाललं. कुणी डिझाइनची मीटिंग घेतली नाही, कुणाला विचारलं नाही की तुम्हाला काय आवडेल. त्यामुळे त्यात एकही फीचर असं नव्हतं की जे फक्त कुणाच्या तरी कल्पनेत छान वाटलं म्हणून आलंय. जे होतं ते सगळं कुठल्या ना कुठल्या वैतागातून आलेलं.

आणि म्हणूनच ते कुणाला प्रॉडक्ट वाटलंच नाही. घरातल्या मिक्सरच्या तुटलेल्या बटणाला आपण काडेपेटीचा तुकडा लावतो आणि वर्षानुवर्षं वापरतो, तो काय विकायची वस्तू वाटतो का? गेम बंद करायचं ठरल्यावर आता पुढे काय, अशी चर्चा सुरू झाली तेव्हा कुठे एकमत झालं की आपण यापुढे काहीही केलं तरी या चॅटशिवाय काम करणार नाही, आणि आपल्याला जर असं वाटतंय तर इतरांनाही वाटेल. नाव बटरफील्डनं सुचवलं, स्लॅक. त्याचं लांबलचक रूप नंतर बसवलं, सगळ्या संभाषणाची आणि माहितीची शोधता येणारी नोंदवही अशा अर्थाचं.

जुनं जुगाड उचलून विकलं असं मात्र झालेलं नाही, हे नीट ध्यानात घ्या, कारण इथे बरेच जण घसरतात. आयआरसीवरचं ते ठिगळकाम तसंच्या तसं बाजूला ठेवलं आणि उरलेल्या आठेक जणांनी कोरी पाटी घेऊन नव्यानं लिहायला सुरुवात केली. जुन्यातून आलं ते फक्त शहाणपण, म्हणजे काय पाहिजे आणि काय नको. वरचं रूप, लोगो वगैरे करायला मेटालॅब नावाच्या बाहेरच्या डिझाइन कंपनीला दिलं.

२०१३ च्या पहिल्या काही महिन्यांत स्वतः वापरण्याइतकं तयार झालं आणि मग सुरू झालं मित्रांच्या मागे लागणं. अक्षरशः विनवण्या. दुसऱ्या कंपन्यांमधल्या ओळखीच्या लोकांना, बाबा वापरून बघ, काय चुकतंय सांग. त्यात एक होती आरडिओ, गाणी ऐकवणारी कंपनी. तिथे आधी एका छोट्या गटानं घेतलं आणि बघता बघता शंभरावर माणसांच्या सगळ्या कंपनीत पसरलं. आणि मग टायनी स्पेकवाल्यांचे डोळे उघडले! आठ जणांत जे मस्त चालतं ते शंभर जणांत चालत नाही. नको तितके चॅनल होतात, कुठलं कशासाठी ते कळत नाही, नोटिफिकेशननं डोकं उठतं. म्हणजे स्वतःचा वैताग हा उत्तम शिक्षक, पण तो फक्त तुमच्याएवढ्या आकाराच्या कंपनीपुरताच. पुढच्या प्रत्येक मोठ्या गटाला देताना त्यांनी थांबून, दुरुस्त करून मग पुढे पाऊल टाकलं.

जुलै २०१३ च्या शेवटी, सगळ्यांसमोर आणायच्या दोन आठवडे आधी, बटरफील्डनं टीमला एक लांब पत्र लिहिलं. त्याचा गाभा असा की आपण घोड्याचं खोगीर विकत नाही. खोगीर विकणारा म्हणेल आमचं चामडं चांगलं, शिलाई चांगली. पण घोडेस्वारीच कशी मजेची असते हे जर लोकांना पटवलं तर खोगीर आपोआप विकलं जाईल. चॅट सॉफ्टवेअर कुणाला पाहिजे म्हणून बसलंय, लोकांना माहीतच नाही की त्यांना ते हवंय. तर विकायचं ते कमी ईमेलचं, न हरवणाऱ्या माहितीचं ऑफिस.

१४ ऑगस्ट २०१३. पहिल्याच दिवशी ८,००० जणांनी मागणी नोंदवली, दोन आठवड्यांत १५,०००. त्यांनी 'बीटा' शब्द मुद्दाम टाळला, 'प्रिव्ह्यू' म्हटलं, कारण बीटा म्हटलं की लोकांना वाटतं कच्चं आहे. ग्लिचनं शिकवलं होतं ना बीटा म्हणजे काय ते. फेब्रुवारी २०१४ मध्ये पूर्ण खुलं केलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीची किंमत एक अब्ज डॉलरच्या वर लागली.

ग्लिचची आणखी एक जखम इथे कामाला आली. तिथे साइनअपच्या आकड्यांनी फसवलं होतं, म्हणून इथे साइनअपला भावच द्यायचा नाही. त्यांनी बघितलं की एखाद्या टीमनं आपसात २,००० मेसेज पाठवले की ती टीम सहसा सोडून जात नाही, अशातल्या ९३ टक्के टिकून होत्या. मग तोच खरा आकडा. टीम तिथपर्यंत पोचतेय का एवढंच बघायचं. बिलिंगमध्येही, कंपनीनं शंभर जणांचे पैसे भरले आणि त्यातले वीस जण वापरतच नसतील तर त्या वीस जणांचे पैसे परत खात्यात जमा. आपल्याकडे जिमवाले असं करतील का?

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, म्हणजे सगळं चमत्कार वाटायला नको. ऑफिससाठी चॅट ही काही नवी आयडिया नव्हती. कॅम्पफायर २००६ पासून होतं, हिपचॅट होतं आणि अटलासियन नावाच्या सॉफ्टवेअर कंपनीनं ते २०१२ मध्येच घेतलेलं. म्हणजे कागदावर बटरफील्ड उशिरा आला होता. पण २०१३ पर्यंत सगळ्यांच्या खिशात स्मार्टफोन आला होता, आणि स्लॅकमध्ये लॅपटॉपवर वाचलेलं फोनवर परत न वाचलेलं म्हणून दिसत नव्हतं, दोन्हीकडे एकसारखं. ज्या मोबाइलनं त्यांचा गेम मारला त्याच मोबाइलनं त्यांचं चॅट उचललं. हे नशीब आहे, यात हुशारीचं श्रेय किती द्यायचं ते तुम्ही ठरवा. पुढे जुलै २०१८ मध्ये अटलासियननं हिपचॅट बंद करायचं जाहीर केलं आणि त्याचे हक्क स्लॅकलाच विकले.

नंतरचं सगळं पेपरात आलेलं आहे. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं टीम्स हे स्वतःचं ऑफिस-चॅट आणलं, स्लॅकनं न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात देऊन खवचटपणे त्यांचं स्वागत केलं, आणि टीम्सनं पुढे ऑफिसच्या पॅकेजसोबत येऊन आकड्यांत यांना कधीच मागे टाकलं, त्यामुळे ती जाहिरात आज वाचताना जरा कसंतरीच वाटतं. २० जून २०१९ ला शेअर बाजारात नोंदणी, डिसेंबर २०२० मध्ये सेल्सफोर्सचा सौदा जाहीर, जुलै २०२१ मध्ये पूर्ण. २०२३ च्या सुरुवातीला बटरफील्ड बाहेर पडला.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. आमच्या ऑफिसात एकदा कुणीतरी स्लॅकची चुकीची लिंक पाठवली. उघडली तर 'पान सापडलं नाही' असं आलं, पण नुसतं पांढरं पान नाही, एक रंगीत माळरान, झाडं, माउस हलवला की बाजूला सरकणारं. त्यात एक कोंबडी पळत होती, एक डुक्कर निवांत चालत होतं आणि वर फुलपाखरं. शेजारी बसणारा पोरगा म्हणाला, "सर हे काय लहान मुलांचं लावलंय यांनी?" मी त्याला सांगायला लागलो की ती फुलपाखरं आहेत ना, त्यांना आधी लोशन लावायला लागायचं. त्यानं माझ्याकडे बघितलं, हेडफोन लावला आणि परत रोजच्या स्टँडअप मीटिंगच्या चॅनलमध्ये काहीतरी टाइप करायला लागला.